सुपारी आणि बांगड्या : आपट्याच्या कर्त्या माणसांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी, आपटा, ता. पनवेल, गावकीचे पंच, दहाव्या-तेराव्याला बसणारे गुरुजी, आणि मयताच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचणाऱ्या आपण सगळ्या बाया,



बत्तीस वर्षांपूर्वी मी सून म्हणून या गावात आले. बाहेर कुठेही आपटा म्हटलं की लोक स्टेशनाबद्दल विचारतात. १९९५ च्या त्या गाजलेल्या सिनेमात बाप मुलीचं घट्ट धरलेलं मनगट सोडतो आणि ती गाडीमागे धावते, ते आपल्याच फलाटावर. पाहुणे आले की मीही त्यांना तिथे नेते. पण मनगट धरलेलं पाहिलं की मला दुसरंच मनगट आठवतं, आणि त्यासाठीच हे पत्र.

माझं माहेर खाडीकाठचं, दुसऱ्या तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही. हे कुठल्याही गावात झालं असतं. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सकाळी गेले, दुपारच्या आत उचलायचं ठरलं. पुरुष मंडळी अंगणात बांबू, सुतळी, मडकं यांच्या गडबडीत. आत आईला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं, केसांत गजरा माळला, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या. एवढी सजलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग तिला वडिलांशेजारी बसवलं. दोघींनी तिचा एकेक हात धरला आणि मनगटावर मनगट मारलं. तीन-चारदा मारावं लागलं, कारण बांगड्या नव्या होत्या. एक काच आत रुतली. रक्त आलं तशी कुणीतरी स्वयंपाकघरातून हळद आणून जखमेवर दाबली, आणि त्याच वेळी दुसरी बाई ओल्या फडक्यानं तिच्या कपाळावरचं कुंकू पुसत होती. गळ्यातलं तोडलं, पायातली जोडवी ओढून काढली. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. आईला रडायला सवड मिळाली नाही, ती नुसती बघत होती.

हात धरणाऱ्या दोघीही विधवा होत्या. त्या मात्र रडत होत्या.

त्याच्या चार वर्षं आधी माझी मामी गेली होती. तेव्हा मामा बेचाळीस-त्रेचाळीसचा असेल. मामीला मळवट भरला, हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. गावातल्या सवाष्णी येऊन तिच्या पाया पडत होत्या, तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं उचलून आपल्या कपाळाला लावत होत्या. ‘सोनं झालं तिचं, भरल्या कपाळानं गेली,’ असं प्रत्येक जण म्हणत होतं. लहान वयात दोन पोरं मागं ठेवून गेलेल्या बाईचं सोनं कसं झालं, हे मला त्या दिवशीही कळलं नाही. मामाच्या अंगावरचं काही कुणी काढलं नाही. घड्याळ हातात राहिलं, अंगठी बोटात राहिली. दहाव्याला त्यानं डोकं केलं, तेराव्याला पाहुण्यांनी दुखवट्याची टॉवेल-टोपी घातली, आणि त्याच जेवणाच्या पंक्तीत एकानं त्याच्या कानाशी लागून सांगितलं की पलीकडच्या गावात एक मुलगी आहे, गरीब घरची आहे, पोरांना सांभाळील. मामानं ताटावरून हात उचलला. तो मामीसाठी रडलेला मी पाहिला, पण गोठ्यात, एकट्यानं. चारचौघांत डोळे पुसले तेव्हा त्याला ‘बाईसारखा काय रडतोस’ हे ऐकावं लागलं होतं.

पुढे माझं लग्न ठरलं. कन्यादान कोण करणार? आई मांडवात येऊ शकत नव्हती. तिनं मला जन्म दिला, वडिलांच्या माघारी चार घरची कामं करून लग्नाचे पैसे जमवले, पण ती आडवी आली तर अपशकुन. म्हणून कन्यादानाला मामा बसला. बायको नसलेल्या पुरुषाला धर्मकार्याला एकट्यानं बसता येत नाही, असं म्हणतात. त्यावर उपाय आहे. गुरुजींनी एक सुपारी दिली, मामानं ती कमरेला खोचली. झाली पत्नी. माझी मामी सुपारी होऊन माझ्या लग्नाला बसली, आणि माझी आई भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मंगलाष्टकं ऐकत उभी राहिली. अक्षता टाकायच्या वेळी तिनं मुठीतले तांदूळ चुलीकडे तोंड करून टाकले, हे मला नंतर धाकट्या बहिणीनं सांगितलं.

मंडळी, मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळं त्याचाच विस्तार. जोडीदार गेल्यावर पुरुषाचं अडतं तिथे आपल्या परंपरेनं तोड काढून ठेवली आहे, दोन पैशांची सुपारीसुद्धा चालवून घेतली आहे. बाईचं अडत नाही तिथे मुद्दाम अडवलं आहे. हा दुखवटा नव्हे. दुखवटा असता तर दोघांना सारखा असता.

भाषेतसुद्धा तेच. लग्नपत्रिका काढून बघा. नवरा असेपर्यंत बाई सौ., नवरा गेला की गं. भा. पुरुष मुंजीपासून मसणापर्यंत श्री. त्याची बायको आहे, नाही, होती, हे पत्रिकेवरून कळायचं कारण नाही. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषासाठी मराठीनं बिजवर असा वर-शब्द ठेवला, आणि विधवेसाठीच्या शब्दाची शिवी झाली. बायको मेली म्हणून पुरुषाला देता येईल अशी एक शिवी मला आठवून दाखवा. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणण्याचा प्रस्ताव पुढे केला, त्यावर चहूकडून टीका झाली. मला त्यातला हेतू वाईट वाटला नाही. पण नवं नाव हवंय कशाला? नवरा गेला म्हणून बाईचं नाव बदलतच नसेल तर सन्मानाचं नाव शोधायची पाळी येणार नाही.

पंचांगही बघा. भाद्रपदात पितृपक्षातली नवमी ती अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी ती तिथी राखून ठेवलेली, त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची. बायकोच्या आधी गेलेल्या पुरुषासाठी अशी निराळी तिथी नाही, कारण त्याच्या आधी जाण्यानं त्याची किंमत वाढत नाही. बाईनं आधी मरावं, यात तिचं भाग्य. हे आपण इतक्या सहजपणे बोलतो की आपण काय बोलतो आहोत ते ऐकू येत नाही.

गुरुजी, तुम्ही म्हणाल शास्त्र आहे. आहे, मी नाकारत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात विधवेनं फुलं, कंदमुळं, फळं खाऊन देह झिजवावा, दुसऱ्या पुरुषाचं नावही घेऊ नये, असं सांगितलंय. आणि तिथून थोड्याच श्लोकांच्या अंतरावर, आधी गेलेल्या बायकोला अग्नी द्यावा आणि पुरुषानं पुन्हा लग्न करावं, पुन्हा अग्नी ठेवावा, असं आहे. एकाच अध्यायात, एकाच प्रसंगाला, दोन न्याय. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत त्या ग्रंथाचं दहन झालं. ग्रंथ जळला, पण मामाच्या कमरेची सुपारी आणि आईच्या हातातली काच त्यातून सुटून आमच्या घरी पोचली.

‘आमच्यात पूर्वीपासून पाट लागायचा, आमची बाई बांधलेली नव्हती,’ असंही काही जण अभिमानानं सांगतात. बहुजन समाजात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत होता हे खरं. पण कसा? रात्री, अंधारात, मांडव नाही, वाजंत्री नाही, सवाष्णींनी तोंड बघायचं नाही. पेशवाईत तर पाट लावायचा म्हणून पाटदाम नावाचा कर द्यावा लागे. कितीतरी जातींत बिनलग्नाच्या मुलाला विधवेशी पाट लावायचा असेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. त्याच जातीत बिजवराची वरात दिवसाढवळ्या निघे.

मोठी माणसंही या सोयीच्या वाटेवरून गेली. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. वडिलांनी हट्ट धरून त्याच वर्षी त्यांचं लग्न लावलं, अकरा वर्षांच्या मुलीशी. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून ओळखली गेली, सेवासदनाचं मोठं काम त्यांनी उभं केलं, त्या दोघांचा संसारही आदरानं आठवला जातो. पण घडलं ते घडलं. वीस वर्षांनी दुसऱ्या एका विधुरानं वेगळं केलं. धोंडो केशव कर्व्यांची बायको १८९१ ला गेली. लग्न केलं तर विधवेशीच, असं ठरवून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. त्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. दोघेही विधुर. एकाला समाजानं बोहल्यावर ढकललं, दुसऱ्याला वाळीत टाकलं. फरक एवढाच की दुसऱ्यानं बरोबरीची सोय विधवेलाही देऊ केली. आणि हे सगळं असं का, पुरुषानं दुसरी आणावी आणि बाईनं कोपऱ्यात बसावं हे कुणी ठरवलं, असं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात रोखठोक विचारलं होतं. अजून त्याला उत्तर आलेलं नाही.

आता तुमच्या हातातल्या गोष्टींकडे येते.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्तानं ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. विधवेला कार्यक्रमापासून दूर ठेवणं बंद. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावानं तोच ठराव केला. आंबेडकर आणि शाहू महाराज १९२० साली ज्या परिषदेला एकत्र आले तेच हे माणगाव. त्याच मे महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं आणि हेरवाडचा कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींनी गिरवावा असं कळवलं. ते परिपत्रक राज्यातल्या प्रत्येक पंचायतीसाठी आहे, म्हणजे आपल्यासाठीही आहे.

पण ठराव पंचायतीच्या कपाटात असतो आणि बांगड्या माजघरात फुटतात. माणूस गेल्याची नोंद करायला घरचे २१ दिवसांच्या आत पंचायतीत येतात. तोवर सगळं उरकलेलं असतं. त्या पंधरा मिनिटांत सरपंच अंगणात पुरुषांत उभे असतात. ग्रामपंचायत अधिकारी दुसऱ्या गावाला. पोलीस पाटील मयताच्या तयारीत. आत जी जाणती बाई ‘चला गं, वेळ होतोय’ म्हणते, तिच्यापर्यंत परिपत्रक कधीच पोचत नाही. तिला वाईट करायचं नसतं. तिच्यावर जे झालं ते ती पुढे देते.

हेरवाडच्या आधीपासून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे या प्रश्नावर काम करत होते. त्यांनी केलेली एक गोष्ट मला सगळ्यांत पटली. त्यांनी मुद्रांकावर लिहून ठेवलं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर यातलं काहीही लादू नये. म्हणजे ज्याच्या नावानं बांगड्या फोडायच्या, त्यानंच आधी नको म्हणून सांगितलं. मेलेल्या माणसाची इच्छा मोडायला आपल्याकडे कुणी धजत नाही. कावळा शिवेना झाला की आपणच त्याच्या राहिलेल्या इच्छा आठवत बसतो आणि वचनं देत सुटतो. मग ही एक इच्छा जिवंतपणी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

सरपंच, आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. येत्या महिला सभेत हा एकच विषय ठेवा, आणि सभा पंचायतीच्या खोलीत न घेता वाडीवाडीत, ओट्यांवर घ्या. आपल्या वेळी काय झालं ते विधवांनी बोलावं, इतरांनी ऐकावं. ग्रामसभेच्या ठरावात पुरुषांचं नावही घाला. ‘विधवेवर सक्ती नको’ एवढं पुरेसं नाही. ‘पती वा पत्नी कुणीही वारलं तरी मागे राहिलेल्याला एकच रीत’ असं लिहा. पुरुषांनी लिहून दिलेले कागद पंचायतीनं जपून ठेवावेत आणि त्याची एक प्रत त्या त्या घरात राहावी. पहिला कागद सरपंच म्हणून तुमचा किंवा तुमच्या घरातला असावा.

गावकीच्या पंचांना माझं मागणं वेगळं आहे. गावकीची ताकद काय असते ते रायगडकरांना शिकवायला नको. आपल्या जिल्ह्यातली वाळीत टाकण्याची प्रकरणं इतकी गाजली की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. माणसाला तोडायला जी ताकद वापरली गेली, ती जोडायला वापरा. तेराव्याला पंच म्हणून उठा आणि सांगा की आजपासून ही बाई लग्नाकार्याला पहिल्या पंक्तीत बसेल. तुम्ही सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून होईल.

गुरुजी, तुमच्याकडे सुपारी आहे. विधुराला जी दिलीत ती विधवेलाही द्या. नाहीतर दोघांनाही देऊ नका, दोघांनाही एकट्यानं बसू द्या. मुलीच्या लग्नात आईला कन्यादानाला बसवणारे पुरोहित आणि पौरोहित्य करणाऱ्या बायाही महाराष्ट्रात आहेत, तुम्हाला ते ठाऊक आहे.

आणि आपण बाया. १८९० साली मुंबईत न्हावी समाजातल्या लोकांनी एकत्र येऊन ठरवलं की यापुढे विधवांचं केशवपन आपण करणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. आपला हात या कामाला लागणार नाही, एवढंच ते न्हावी म्हणाले, आणि ते पोटावर पाय देणारं होतं, कारण तो त्यांचा धंदा होता. आज वस्तरा गेला. आपल्या आजीच्या आजीला ज्याची भीती होती ते आपल्या मुलींना ऐकूनही ठाऊक नाही, आणि त्यानं धर्म बुडाला नाही. आता मनगटं आपल्या हातात असतात. आपला तर हा धंदाही नाही. माझ्या आईचे हात ज्या दोघींनी धरले त्यांना मी कधी दोष दिला नाही. पण कुणीतरी तिसरी पुढे होऊन ‘सोडा तिला, तिला त्यांच्याजवळ बसू दे’ म्हणाली असती तर माझ्या आईला नवऱ्याचा चेहरा नीट पाहता आला असता.

‘तिलाच नको असतं कुंकू, ती स्वतःच काढते,’ असं तुमच्यापैकी काही जणी म्हणाल. जिला नको असेल तिनं काढावं. दुःखात मलाही कदाचित आरशासमोर उभं राहावंसं वाटणार नाही. पण ते मी महिन्यानं ठरवीन, एकटी असताना ठरवीन, आणि पुन्हा लावावंसं वाटलं तर लावीन. नवी बांगडी चढवून ती फोडण्यात माझी इच्छा कुठे येते?

आपल्या गावाचं नाव झाडाचं आहे. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो, तेव्हा पोरं विधवा आजीच्याही हातात सोनं ठेवतात, वाकून पाया पडतात, ती तोंडभर आशीर्वाद देते. कुणाला अपशकुन वाटत नाही. तीन महिन्यांनी संक्रांत येते आणि हळदीकुंकवाची तबकं तेच दार टाळून पुढे जातात. दसऱ्याला जी माणसं होतो तीच संक्रांतीला राहायला आपल्याला काही खर्च येत नाही.

गेल्या महिन्यात मी आणि माझ्या मिस्टरांनी बसून दोन कागद लिहिले. साध्या वहीच्या पानावर, खाली दोन साक्षीदार. त्यांनी लिहिलं : मी आधी गेलो तर हिच्या अंगावरची एकही वस्तू कुणी काढायची नाही, हिला आधी सजवायचंही नाही, माझ्याजवळ हिला हवा तेवढा वेळ बसू द्यायचं, आणि अग्नी देताना हिला यायचं असेल तर अडवायचं नाही. मी लिहिलं : मी आधी गेले तर ‘सोनं झालं’ म्हणायचं नाही, माझ्या कपाळाचं कुंकू कुणी उचलायचं नाही, तेराव्याच्या पंक्तीत यांना स्थळ सुचवायचं नाही, पुढे काय करायचं ते त्यांचं ते बघतील. आणि यांना रडू आलं तर गोठ्यात जायला लावायचं नाही.

दोन्ही कागद आमच्या कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलेत. येत्या ग्रामसभेला त्यांच्या प्रती घेऊन येते आहे.

आपली,
गावातली एक सून
आपटा, ता. पनवेल, जि. रायगड